इंदूरमध्ये छोटा उद्योग सुरू करताना : कोणते प्रशिक्षण, केव्हा आणि कशासाठी

इंदूरच्या मराठी घरांना होळकरांच्या काळापासून नोकरीचे वळण आहे. कचेरी, शाळा, बँक, फार तर वकिली किंवा वैद्यकी अशा वाटांनी ही घरे पुढे आली आणि व्यापार हा विषय त्यांच्या जेवणाच्या पंगतीत क्वचितच निघाला. सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा शाळा सुटली की दुकानात जाऊन बसतो. उधारी कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, गिऱ्हाईक भाव करू लागले की कुठे थांबावे आणि गल्ल्यातला पैसा घरखर्चापासून वेगळा का ठेवावा, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही, तरी ते त्याच्या अंगवळणी पडते. नोकरदार घरातून आलेल्या माणसाला किंवा बाईला हे पाहायला मिळालेले नसते, आणि उद्योजकता प्रशिक्षणाचा खरा उपयोग ही उणीव भरून काढण्यात आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ जण या वर्गांकडे कर्जाच्या फाइलला जोडायचे प्रमाणपत्र मिळवण्याची सोय म्हणून पाहतात, हजेरीपुरते जातात आणि ज्या गोष्टीसाठी जायला हवे होते ती तिथेच टाकून परत येतात.

इंदूर शहरात किंवा महू, सांवेर, देपालपूर या भागांत राहून पहिल्यांदाच काही सुरू करू पाहणाऱ्यांसाठी पुढील पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत. हा क्रम शक्यतो मोडू नये, कारण नवख्यांचे नुकसान बहुधा चुकीचा वर्ग निवडल्याने होत नाही, तर योग्य वर्ग चुकीच्या वेळी केल्याने होते.

पहिली पायरी : आपल्याला काय येत नाही ते ठरवणे

प्रशिक्षणांची यादी उघडण्यापूर्वी कोरा कागद घेऊन तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. आपल्याला जी वस्तू किंवा सेवा विकायची आहे ती दुसऱ्याच्या मदतीशिवाय दहा वेळा सारख्याच दर्जाची करता येते का? तिचा एक नग तयार करायला किती खर्च येतो हे रुपयांत सांगता येते का? आणि नात्यातल्या व ओळखीतल्या माणसांना वगळून किमान दहा जणांनी ती पैसे मोजून घेतली आहे का?

पहिले उत्तर नकारार्थी असेल तर गरज हाताच्या कौशल्याची आहे आणि व्यवस्थापनाच्या वर्गात बसून ती भागणार नाही. दुसरे उत्तर नकारार्थी असेल तर हिशेब आणि किंमत ठरवणे शिकवणारा वर्ग हवा. माझ्या मते दहांपैकी आठ जणांची गरज हीच असते, जरी ते मागायला येतात ‘मार्केटिंग’चा वर्ग. तिसरे उत्तर नकारार्थी असेल तर तूर्त कोणत्याही वर्गात नाव घालू नये. आधी विक्री करून पाहावी. दिवाळीच्या फराळाचा मोसम, गणेशोत्सवातील स्टॉल, शहरात भरणारी मराठी जत्रा, राहत्या वसाहतीतला शनिवार-रविवारचा बाजार या सगळ्या जागा थोड्या भांडवलात परक्या गिऱ्हाइकाचे मत कळण्यासाठी पुरेशा आहेत. विक्री करून आलेल्या माणसाला वर्गात बसल्यावर विचारायला प्रश्न असतात. बाकीचे नुसते लिहून घेत राहतात.

इथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. खाद्यपदार्थ घरी करून विकायचे असले, आणि विक्री कितीही लहान असली, तरी अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाकडे म्हणजे एफएसएसएआयकडे नोंदणी करावी लागते. लहान उलाढालीच्या साध्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे ‘आधी चालते का पाहू, मग नोंदणी करू’ या विचाराला अर्थ उरत नाही.

दुसरी पायरी : कोणाकडे काय शिकवले जाते

पोलोग्राउंड औद्योगिक वसाहतीत केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाचे विकास व सुविधा कार्यालय आहे आणि शहरातल्या बहुतेकांनी चौकशीची सुरुवात इथून करावी. या मंत्रालयाच्या कार्यक्रमांत साधारणपणे तीन प्रकार आढळतात. पहिला एक-दोन दिवसांचा जागृती कार्यक्रम, ज्यात योजनांची नावे कळतात आणि त्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. दुसरा सुमारे सहा आठवड्यांचा उद्योजकता व कौशल्य विकास कार्यक्रम, ज्यात एखादे काम प्रत्यक्ष शिकवले जाते आणि त्याच्या जोडीला हिशेब, विक्री, कर्ज आणि कायदे यांची सत्रे असतात. तिसरा सुमारे आठवड्याचा व्यवस्थापन विकास कार्यक्रम, जो धंदा आधीच चालू असलेल्यांसाठी आहे. वेळ काढता येत असेल तर सहा आठवड्यांचाच कार्यक्रम घ्यावा; एका दिवसाच्या चार कार्यक्रमांची प्रमाणपत्रे भिंतीवर चांगली दिसतात, पण त्यांच्यातून खर्चाचा एक तक्ताही तयार होत नाही. महिला व अन्य काही गटांना शुल्कात सवलत किंवा माफी असते, तेव्हा नाव नोंदवताना त्याची विचारणा करावी.

ग्रामीण भागातील तरुणांसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, ज्यांना सगळे जण आरसेटी म्हणतात. ही कल्पना कर्नाटकातील धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेतून आली आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी अशा संस्था चालवाव्यात असे ठरले. प्रशिक्षण विनामूल्य असते, राहण्याजेवणाची सोय तिथेच होते, आणि शिवण, ब्यूटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय, मसाले-लोणची असे काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे वर्ग असतात. या संस्थांचे मला वाटणारे सर्वांत मोठे वैशिष्ट्य मात्र वर्गात नसून नंतरच्या काळात आहे. प्रशिक्षण संपल्यावर सुमारे दोन वर्षे पाठपुरावा करणे हे त्यांच्या कामाचा भाग मानले जाते, आणि संस्था बँकेचीच असल्याने शाखेत प्रकरण कुठे अडले हे विचारायला तिथे माणूस असतो. महू किंवा देपालपूरकडच्या वाचकांनी म्हणूनच शहरातल्या महागड्या वर्गांआधी इथे चौकशी करावी.

राज्य पातळीवर भोपाळला मुख्यालय असलेले मध्यप्रदेश उद्यमिता विकास केंद्र, म्हणजे सेडमॅप, १९८८ पासून हे काम करते आणि वेगवेगळ्या सरकारी खात्यांची प्रशिक्षणे त्याच्यामार्फत होतात. राज्याच्या योजनांची अद्ययावत माहिती जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रात मिळते.

कारखानदारीकडे ज्यांचा कल आहे त्यांच्यासाठी सांवेर रोडवरील इंडो-जर्मन टूल रूम ही स्वतंत्र दर्जाची संस्था आहे. जर्मनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेत साचे व हत्यारे बनवणे, सीएनसी म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रे चालवणे, संगणकावर आरेखन करणे यांचे दीर्घ आणि अल्प मुदतीचे अभ्यासक्रम आहेत. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवण्याचे मनात असेल तर आधी इथला अल्प मुदतीचा वर्ग करून, निदान एखाद्या वर्कशॉपमध्ये काम करून, मगच यंत्राच्या किमतीची चौकशी करावी. त्या क्षेत्रात मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, चुकीने संपूर्ण खेप परत येते.

पारंपरिक कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, शिंपी, चर्मकार, गवंडी, न्हावी, धोबी अशा १८ व्यवसायांचा तिच्यात समावेश होतो. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे असते, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि पुढे पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने विनातारण कर्ज मिळू शकते. एका कुटुंबातील एकालाच लाभ घेता येतो. खाद्यपदार्थ बनवणे या १८ व्यवसायांत नाही, तरी फराळवाल्या भगिनींना ‘विश्वकर्मामध्ये करून देतो’ असे सांगणारे भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावे.

खाद्यपदार्थांसाठी वेगळ्या वाटा आहेत. एफएसएसएआयचे फॉस्टॅक नावाचे अन्न सुरक्षा प्रशिक्षण थोडक्या वेळात होते. परवानाधारक व्यवसायांमध्ये दर २५ कामगारांमागे असा एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा आहे. घरगुती उद्योगाला तशी सक्ती नसली तरी तळणीचे तेल किती वेळा वापरावे, कच्चा व शिजलेला माल वेगळा का ठेवावा या गोष्टी तिथे नीट कळतात. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे आणि तिच्यातही प्रशिक्षणाचा भाग आहे. या योजनेच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ या यादीत इंदूरच्या वाट्याला बटाटा आलेला आहे. चिप्स, वेफर्स, साबुदाणा-बटाट्याच्या पापड्या असे काही करणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तिसरी पायरी : नावनोंदणीपूर्वी कागद जमवणे

आधार, पॅन, बँकेचे पासबुक, शिक्षणाचा दाखला, फोटो आणि लागू असल्यास जातीचा दाखला, एवढे सर्वत्र लागते. मध्यप्रदेशात याखेरीज समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकार कुटुंबाला व त्यातील व्यक्तींना देते तो ओळख क्रमांक, मागितला जातो, आणि लग्न होऊन किंवा बदलीने महाराष्ट्रातून आलेल्यांची गाडी नेमकी इथे अडते. कुटुंबाच्या समग्र आयडीमध्ये आपले नाव जोडलेले आहे का, आणि त्यातले स्पेलिंग व जन्मतारीख आधारशी जुळते का, हे आधी पाहून घ्यावे. माहेरच्या नावाचे आधार आणि सासरच्या नावाचे पासबुक अशी जोडी असेल तर ती दुरुस्ती वर्ग सुरू होण्यापूर्वीच करावी. राज्याच्या योजनांना मूळ निवासी असल्याचा दाखला लागू शकतो. केंद्राच्या योजनांचे नियम वेगळे असतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधार व पॅनच्या आधारे पूर्णपणे विनाशुल्क होते आणि १ जुलै २०२० पासून हीच पद्धत आहे. सरकारी दिसणाऱ्या नावांच्या खाजगी संकेतस्थळांवर यासाठी हजार-दोन हजार रुपये घेतले जातात. ऑनलाइन कियोस्कवाल्याने अर्ज भरून देण्याची मजुरी घेणे निराळे आणि ‘सरकारी फी’ म्हणून पैसे घेणे निराळे.

चौथी पायरी : वर्गात बसल्यावर

चांगल्या उद्योजकता वर्गाची सुरुवात बहुधा एका खेळाने होते. खोलीच्या मध्यभागी एक खुंटी ठेवतात, प्रत्येकाच्या हातात चार-पाच रिंगा देतात आणि किती अंतरावरून फेकायच्या हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. अंतर वाढेल तसे गुण वाढतात. कोणी खुंटीला चिकटून उभे राहते आणि सगळ्या रिंगा घालून दाखवते. कोणी भिंतीला पाठ टेकवून, सगळे हसतील अशा बेताने, लांबून फेकते. काही जण मधले अंतर घेतात, पहिली रिंग चुकली की पाऊलभर पुढे येतात, दुसरी बसली की अर्धे पाऊल मागे जातात. प्रशिक्षक हे सगळे टिपून ठेवतो. मोठी माणसे हा पोरखेळ समजून टाळतात, पण त्यामागे इतिहास आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील लहान व्यावसायिकांना अशा खेळांमधून व चर्चांमधून प्रशिक्षण दिले आणि त्यानंतर त्यांच्या व्यावसायिक हालचालींत वाढ झाल्याचे नोंदवले. यश मिळवण्याची ओढ असणारा माणूस बेताची जोखीम पत्करतो आणि प्रत्येक फेकीनंतर स्वतःला दुरुस्त करतो, हे त्यांचे प्रतिपादन पुढे भारतातल्या उद्योजकता प्रशिक्षणाच्या पायाशी राहिले. खेळात लाज बाळगू नये. आपण कुठे उभे राहिलो हे वहीत लिहून ठेवावे, कारण कर्जाची रक्कम ठरवताना माणूस पुन्हा त्याच अंतरावर उभा राहतो.

यानंतरची सत्रे कमी-अधिक दर्जाची असतात. कायद्यांची यादी वाचून दाखवली जाते, यशोगाथा सांगितल्या जातात, एखादा बँक अधिकारी येऊन योजनांचे आकडे देतो. ही सत्रे शांतपणे ऐकावीत आणि आपली शक्ती एकाच गोष्टीसाठी राखून ठेवावी, ती म्हणजे आपल्या स्वतःच्या मालाचा खर्चाचा तक्ता. प्रशिक्षक फळ्यावर बहुधा मेणबत्ती किंवा फाइल कव्हरचे उदाहरण घेतो. ते उतरवून घेऊन थांबू नये. दुपारच्या सुट्टीत आपल्या मालाचे आकडे घालून तोच तक्ता मांडावा आणि प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावा.

भाजणीच्या चकल्यांचे उदाहरण घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, बाजाराप्रमाणे ते बदलतील, पण मांडणी हीच राहील. समजा एक किलो भाजणीला १२० रुपये पडतात. चकल्यांनी शोषलेले आणि तळून झाल्यावर टाकावे लागणारे तेल मिळून ६० रुपये होते. तीळ, ओवा, तिखट, मीठ यांचे २० रुपये आणि गॅस व विजेचे २० रुपये धरू. तुटलेल्या चकल्या बाजूला काढल्यावर विकण्याजोगा माल सव्वा किलो निघतो, म्हणजे पाव किलोच्या पाच पिशव्या; पिशव्या व लेबले यांचे २५ रुपये. बेरीज २४५ रुपये, म्हणजे पिशवीमागे ४९ रुपये. पिशवी १०० रुपयांना विकली तर निम्म्याहून अधिक नफा, असा हिशेब घरोघरी केला जातो आणि त्याच भरवशावर कर्जाचा विचार सुरू होतो.

आता याच तक्त्यात करणारीची मजुरी घालू. पीठ भिजवणे, सोऱ्या फिरवणे, तळणे, गार झाल्यावर भरणे आणि भांडी घासणे यांना दोन तास लागतात आणि तासाला ७० रुपये धरले तर १४० रुपये होतात. एकूण ३८५ रुपये, पिशवीमागे ७७. माल दुकानात ठेवला आणि दुकानदाराने २० टक्के घेतले तर १०० रुपयांच्या पिशवीचे हाती ८० रुपये येतात, आणि पिशवीमागे उरतात ते फक्त ३ रुपये. कर्जाचा मासिक हप्ता ३,००० रुपये असेल तर तो फेडण्यासाठी महिन्याला १,००० पिशव्या, म्हणजे अडीचशे किलो चकली दुकानांतून खपायला हवी. ‘माझीच तर मजुरी आहे, ती कशाला धरायची’ असे अनेक भगिनी म्हणतात. आज ती धरली नाही तर उद्या मदतीला बाई ठेवायची वेळ येईल तेव्हा तिचा पगार कोणत्या रकान्यातून द्यायचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा.

हा तक्ता हाती आला की पुढचे निर्णय आपोआप स्पष्ट होऊ लागतात. डाळी-तांदूळ किरकोळीऐवजी सियागंजातून पोत्याने घेतले तर भाजणीचा खर्च किती उतरतो, निम्मा माल दुकानाऐवजी थेट गिऱ्हाइकाला दिला तर काय होते, पाव किलोऐवजी अर्ध्या किलोची पिशवी केली तर पॅकिंगचे किती वाचतात, यंत्राने सोऱ्याचा वेळ निम्म्यावर आला तर यंत्राची किंमत किती महिन्यांत वसूल होते. प्रशिक्षणातून एवढा एक कागद घेऊन बाहेर पडता आले तरी सहा आठवडे सार्थकी लागले असे मी समजेन.

पॅकिंगच्या सत्रात आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापणे वजनमापाच्या नियमांनुसार आवश्यक आहे, आणि खाद्यपदार्थ असल्यास घटकांची यादी, शाकाहारी चिन्ह व एफएसएसएआय क्रमांकही लागतो. पाच हजार लेबले छापून घेतल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

पाचवी पायरी : प्रकल्प अहवाल आणि बँक

प्रोजेक्ट रिपोर्ट दुसऱ्याकडून टाइप करून घ्यायला हरकत नाही. दुसऱ्याकडून विचार करून घ्यायला आहे. बँकेतला अधिकारी दोन-तीनच प्रश्न विचारतो: यंत्राचे कोटेशन कोणाचे, महिन्याला विक्री किती आणि कोणाला, खेळत्या भांडवलाचे दिवस किती धरलेत. स्वतःचा खर्चाचा तक्ता ज्याने मांडला आहे त्याला याची उत्तरे कागद न पाहता देता येतात. खेळत्या भांडवलाबाबत नवखे फार हात आखडता घेतात. दुकानदार तीस दिवसांनी पैसे देणार आणि तेलवाला रोख मागणार, या मधल्या अंतराचे पैसे कुठून येणार हे अहवालात दिसायला हवे.

प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाबद्दल, म्हणजे पीएमईजीपीबद्दल, सर्वाधिक गैरसमज आढळतात, तेव्हा त्याचा व्यवहार थोडा उलगडून सांगतो. ही योजना नव्या उद्योगांसाठी आहे. उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपयांपर्यंतचे प्रकल्प त्यात बसतात. उत्पादनात १० लाखांहून आणि सेवेत ५ लाखांहून मोठ्या प्रकल्पासाठी अर्जदार किमान आठवी उत्तीर्ण असावा लागतो. शहरातील महिलेचा ५ लाखांचा प्रकल्प धरला तर तिचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के, म्हणजे २५,००० रुपये, आणि अनुदान २५ टक्के, म्हणजे १,२५,००० रुपये असते. सर्वसाधारण गटातील शहरी पुरुषासाठी हेच आकडे अनुक्रमे १० आणि १५ टक्के आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी की अनुदान अर्जदाराच्या हातात पडत नाही. बँक ते तीन वर्षे वेगळ्या मुदत ठेवीत ठेवते, तेवढ्या रकमेवर कर्जाचे व्याज लावत नाही, आणि तीन वर्षांनी उद्योग प्रत्यक्ष चालू असल्याची खात्री झाल्यावर ती रक्कम कर्जात वळती होते. अनुदानाचे पैसे पहिल्याच वर्षी मिळतील असे गृहीत धरून मांडलेले हिशेब म्हणूनच कोसळतात.

या योजनेत उद्योजकता प्रशिक्षण अपेक्षित असते. ५ लाखांहून मोठ्या प्रकल्पांसाठी ते दहा दिवसांचे असते, लहानांसाठी कमी दिवसांचे, आणि ऑनलाइनही करता येते. बँकेने कर्ज मंजूर केल्यावर घाईघाईने हे प्रशिक्षण उरकण्याची रीत पडली आहे. नियमांत ती बसत असेलही, पण किंमत ठरवायला शिकण्याआधी कर्ज घेणे मला उलटे वाटते. शक्य असेल तर सहा आठवड्यांचा वर्ग आधी करावा. योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी दिलेली असल्याने अर्ज करताना पोर्टलवरचे चालू नियम वाचावेत. राज्याची मुख्यमंत्री उद्यम क्रांती योजना वेगळी असून तिच्यात कर्जाच्या व्याजावर ३ टक्के साहाय्य मिळते. त्याची चौकशी जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रात करावी.

सहावी पायरी : कोणापासून दूर राहावे

‘आमच्याकडून अगरबत्तीचे, वातींचे किंवा कागदी द्रोणांचे यंत्र घ्या, प्रशिक्षण मोफत, तयार माल आम्हीच परत विकत घेऊ’ अशा जाहिराती वर्तमानपत्रांतल्या छोट्या रकान्यांपासून फोनपर्यंत सगळीकडे दिसतात. पहिल्या एक-दोन खेपा घेतल्या जातात, मग मालाच्या दर्जात खोट निघू लागते, आणि बाजारभावाच्या दीडपटीने घेतलेले यंत्र घराच्या गच्चीवर झाकून ठेवावे लागते. ज्याला माल हमखास विकता येतो तो यंत्रे विकत बसत नाही, एवढा विचार केला तरी पुरे. असा करार कोणी पुढे केलाच तर त्या विक्रेत्याकडून किमान वर्षभरापूर्वी यंत्र घेतलेल्या दोन गिऱ्हाइकांचे पत्ते मागावेत आणि स्वतः जाऊन पाहावे.

‘सबसिडी पास करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारे मध्यस्थ हा दुसरा प्रकार. मोठ्या हॉटेलांत भरणारी, विनामूल्य म्हणवणारी आणि संध्याकाळी वीस-पंचवीस हजारांच्या ‘पुढच्या कोर्स’ची पावती फाडणारी प्रेरणा शिबिरे हा तिसरा. यांच्यात बेकायदा काही नसेलही. पण सहा आठवड्यांच्या सरकारी वर्गाहून जास्त असे तिथे काय शिकवणार, हे लेखी मागितले की संभाषण बहुधा संपते.

सातवी पायरी : धंदा चालू असलेल्यांसाठी

दुकान किंवा कारखाना दोन-तीन वर्षे चालला की गरज बदलते. तेव्हा उद्योजकतेचा पहिला वर्ग पुन्हा करण्यात अर्थ नसतो. जीएसटी, वसुली, मालाचा साठा आणि कामगार या विषयांचे आठवडाभराचे व्यवस्थापन वर्ग उपयोगी पडतात. जीएसटीच्या वर्गात केवळ वस्तू विकणाऱ्यांना वार्षिक ४० लाख आणि सेवा देणाऱ्यांना २० लाख रुपये उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, हे सांगितले जाते. पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना मराठी फराळ पाठवण्याचा बेत असेल तर परराज्यात होणाऱ्या वस्तूंच्या विक्रीला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, हे प्रशिक्षकाला मुद्दाम विचारावे. इंदुरातल्या मराठी उद्योजकांना हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर पडतो.

वसुलीबाबत २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याची माहिती घ्यावी. त्यानुसार खरेदीदाराने लेखी करारातील मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे द्यायचे असतात. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज लागते आणि सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्याने बिलावर उद्यम क्रमांक छापून ठेवावा, म्हणजे पुढे नोंदणीबद्दल वाद उरत नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील (शेती, लहान उद्योग अशा गटांसाठीच्या) कर्जापुरता असतो, विलंबित रकमेच्या तरतुदी त्यांना लागू होत नाहीत. त्यामुळे नोंदणीच्या अर्जात कामाचा प्रकार निवडताना आपण उत्पादन करतो, सेवा देतो की नुसता व्यापार करतो, हे खरे आणि विचारपूर्वक भरावे, आणि पुढे काम बदलले तर त्याच पोर्टलवर विनाशुल्क दुरुस्ती करून घ्यावी.